थंड कार्डाचं कौतुक

काडीमास्तरांनी आयुष्यात कुणाच्या भांडणात काडी घातली नाही. नाव पडलं ते धंद्यामुळे. टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलचा जो हातात धरायचा रिमोट असतो, त्याच्यावर अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या काड्या असतात. त्या झिजतात. झिजल्या की पडद्यावरचा योद्धा, कुणी काही न सांगता, डावीकडे चालायला लागतो आणि भिंतीला नाक लावून चालतच राहतो. अशा वेळी लोक आधी रिमोट आपटतात, मग घरातल्यांवर ओरडतात आणि शेवटी काडीमास्तरांकडे येतात.

दुकान दोन इमारतींच्या मध्ये चुकून उरलेल्या जागेत होतं. मास्तर आत असले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, असा तिथला नियम, आणि तो जागेनेच केलेला. त्या फटीत बसून मास्तरांनी एकोणीस वर्षं काड्या बदलल्या होत्या. काडी बघून ते माणूस ओळखत. एकदा बँकेतल्या एका साहेबांचा रिमोट उघडून ते म्हणाले, "डावी काडी नुसती पुढच्या बाजूने झिजलीय. तुम्ही कधी मागे वळून बघत नाही का हो?" साहेब विचारात पडले. "नाही बघत," असं उत्तर शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने दिलं.

गेल्या दोन वर्षांत मात्र येणाऱ्यांचा सूर बदलला. लोक यायचे, पण दुरुस्तीला नाही.

"मास्तर, कन्सोल विकायचाय. कुणी असेल तर सांगा."

"का हो? काय खुपलं त्याचं?"

"खुपलं काही नाही. घरी कॉम्प्युटर घेतला. माझं काम त्याच्यावर, पोरीचा अभ्यास त्याच्यावर आणि सगळे जेवायला बसले की माझा खेळपण त्याच्यावरच. एखादा भाग जुना झाला की तेवढाच बदलायचा. हा डबा जुना झाला की सगळाच जुना."

याच्यावर मास्तरांचं ठाम मत होतं. कन्सोल म्हणजे सरळ माणूस. एक डबा, मागे चित्राच्या तारेला एकच भोक, तार टीव्हीला लावा आणि बसा. कॉम्प्युटर म्हणजे एकत्र कुटुंब. प्रत्येकाची वेगळी तार, प्रत्येकाचा वेगळा पंखा आणि कुणाचं कुणाशी पटेल याची शेवटपर्यंत खात्री नाही.

मास्तरांचा मेहुणा पाणी गाळायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. त्याने भावजींसाठी तिथे एक जागा धरून ठेवली होती. "पहिल्या तारखेपर्यंतच हं भावजी," तो दर रविवारी सांगायचा. "पुढे साहेब माझं ऐकणार नाहीत." मास्तर "बघू" म्हणायचे. बायको लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि दिवसभर उभी असल्यामुळे मोजकंच बोलायची. ती म्हणाली, "काय ते तुम्ही ठरवा. पण ठरवा."

पहिली तारीख पंचवीस दिवसांवर असताना दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा दवाखाना चार दारं सोडून होता. दोन पेशंटच्या मध्ये थोडी सवड मिळाली की त्या आतल्या खोलीत जाऊन ट्रक चालवायच्या. म्हणजे पडद्यावर. वीस टन माल, डोंगराचा रस्ता, समोरून येणारी वाहनं, असा तो खेळ होता. त्यांच्या रिमोटच्या काड्या चारही बाजूंनी सारख्या झिजलेल्या असत आणि मास्तरांना या गोष्टीचा मनातून आदर होता.

"मास्तर, मला आता कॉम्प्युटर हवाय. ट्रकचा नवीन भाग फक्त त्याच्यावर चालतो. तुम्ही द्याल ना जुळवून?"

"देईन की," मास्तर म्हणाले. रोज दोन-तीन जुळवतो अशा आवाजात म्हणाले. त्यांनी त्या दिवसापर्यंत कॉम्प्युटरचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

पण बाई गेल्यावर त्यांनी ठरवून टाकलं. हा कॉम्प्युटर नीट चालला तर दुकान राहील आणि इथून पुढे कॉम्प्युटर जुळवायचे. नाही चालला तर पाण्याची यंत्रं.

सुटे भाग आले. मास्तरांनी तीन दिवस खपून ते जुळवले आणि चौथ्या दिवशी सगळं दवाखान्याच्या आतल्या खोलीत नेऊन मांडलं. मागच्या बाजूला चित्राची तार लावायला दोन भोकं निघाली. एक वर, एक खाली. मास्तर दोन क्षण थांबले. मग त्यांनी वरचं पकडलं, कारण ते आधी दिसलं. पडद्यावर चित्र उमटलं. डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. मास्तरांनी, आपल्याला याची सवय आहे असं दाखवत, स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, ट्रक अडखळतोय.

अडखळत होता खरा. सरळ रस्त्यावर दोन ढांगा टाकून उभा राहायचा, मग एकदम पुढे जाऊन पडायचा. मास्तरांनी झाकण उघडलं. धूळ नव्हती, तरी झटकली. मेमरीच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. मग त्यांनी ग्राफिक्स कार्डाला हात लावून पाहिला. खेळातलं चित्र रंगवण्याचं काम या कार्डाचं, आणि सगळ्या यंत्रात महागही तेच. हात लावला आणि मास्तरांचा चेहरा उजळला.

"बघा बाई, किती थंड आहे! तासभर खेळताय तुम्ही, आणि हे बर्फासारखं. अशी बांधणी बघायला मिळत नाही."

यात त्यांचं काही चुकलं नाही. एकोणीस वर्षं त्यांनी काड्यांच्या जोडीने तापलेले कन्सोलही थंड केले होते. त्यांच्या शास्त्रात गरम म्हणजे आजारी आणि थंड म्हणजे ठणठणीत. बाईंनीही हात लावून पाहिला आणि "हो की," म्हणाल्या.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. मास्तर एक दिवसाआड जायचे, काहीतरी बदलायचे, कार्डाला हात लावायचे आणि समाधान पावायचे. एक पंखा जास्तीचा बसवला, त्यामुळे आवाज वाढला. टेबल खिडकीपाशी सरकवलं, त्यामुळे बाईंना बाहेरचं झाड दिसायला लागलं. ट्रक होता तसाच. बाईंची मात्र तक्रार कमी होत गेली; उलट, अजून एकदाही दरीत गेले नाही, असं त्या सांगायला लागल्या. "कॉम्प्युटर असाच असतो का हो?" त्यांनी एकदा विचारलं. "सुरुवातीला," मास्तर म्हणाले, आणि घरी येऊन जेवले नाहीत.

पहिली तारीख चार दिवसांवर आली. संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि विचारलं, "काय झालं त्या ट्रकचं?"

"काही कळत नाही. सगळं नवीन, सगळं जागच्या जागी. कार्ड तर इतकं थंड, की विचारू नकोस."

"खेळ चालू असताना?"

"चालू असताना."

"आणि ते कार्ड काम करताना तापतं एरवी?"

"तापणारच. सगळा भार त्याच्यावर."

बायकोने पोळी ताटात ठेवली. "माझी इस्त्री भर दुपारी थंड लागली तर मी तिचं कौतुक करत बसत नाही. बटण बघते."

मास्तरांचा घास हातातच राहिला. वरचं भोक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मग खालचं आलं. वरचं होतं मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात त्या मुख्य पाटीचं; तिथे तार लावली की चित्र कार्डाला वगळूनच पडद्यावर जातं. खालचं होतं कार्डाचं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात पोचले तेव्हा बाई हात धूत होत्या. टेबलामागे हात घालून तार वरून काढून खाली लावायला मास्तरांना जेमतेम एक मिनिट लागलं. कार्डाचे पंखे, विकत आणल्यापासून पहिल्यांदा, फिरले. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. "थोडी सेटिंग केली" हे वाक्य त्यांनी घरून तयार करून आणलं होतं.

बाई येऊन बसल्या. ट्रक निघाला तो लोण्यावरून निघाल्यासारखा. पहिलं वळण आलं आणि बाईंनी वीस टन सिमेंट सरळ दरीत घातलं.

"अरेच्चा," त्या म्हणाल्या. "वळण वेळेवर आलं."

अडखळत्या ट्रकची त्यांना इतकी सवय झाली होती, की त्या वळणाच्या बऱ्याच आधीपासून वळायला लागल्या होत्या. त्यांनी खुर्ची फिरवली. "काय केलंत मास्तर?"

मास्तरांनी तयार वाक्य तोंडापर्यंत आणलं. पण बाई इतक्या सरळ बघत होत्या, की ते तिथेच राहिलं.

"तार चुकीच्या भोकात होती. मीच लावलेली. पहिल्या दिवसापासून. तुमचं कार्ड नुसतं बसून होतं आणि मी ते थंड आहे म्हणून त्याला शाबासकी देत होतो."

बाहेर एक पेशंट खोकला. बाईंनी पडद्यावरच्या दरीकडे एकदा वळून पाहिलं.

"म्हणजे इतके दिवस मी कार्डाशिवाय डोंगर चढले?"

"हो."

"एकदाही दरीत न जाता?"

"तुम्हीच तसं म्हणत होता."

"बघा," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत जरा ताठ बसल्या. "कॉलेजातपण म्हणायचे सगळे, हात चांगला आहे." मग त्यांना काहीतरी आठवलं. "मास्तर, मी पलीकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना तुमचं नाव सांगून बसलेय. त्यांनाही हवाय कॉम्प्युटर."

"आता नका पाठवू."

"पाठवणार. पण हेपण सांगणार. तार ते स्वतः बघून घेतील, डोळ्यांचेच डॉक्टर आहेत."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले. नमस्कारसुद्धा नंतर केला, आधी विचारलं, "तार कुठे लावणार?" मास्तरांनी कार्डाचं एक चित्र काढून बोट ठेवून दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून ते जवळून तपासलं, मान हलवली आणि हव्या असलेल्या सगळ्या भागांची यादी देऊन गेले.

मास्तरांनी मेहुण्याला फोन लावला. "ती जागा दे कुणाला तरी."

"चालला कॉम्प्युटर?"

"चालला."

"लगेच?"

"नाही. आधी दोन आठवडे चुकीचा चालला."

मेहुण्याने आवाज खाली आणला. "भावजी, हे गिऱ्हाइकांना सांगत जाऊ नका हं."

"सांगून झालं," मास्तर म्हणाले. फोन ठेवून त्यांनी यादी वाचायला घेतली. अक्षर डॉक्टरांचं होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायला त्यांना दुपार झाली.