झेंड्याचा नेफा

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. चौथीनंतर शाळेने त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. तरी अख्खा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो, कारण ते कपडे शिवतात, आणि शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत कुणी पाडली ते खुद्द मास्तरांनाही ठाऊक नाही. कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं दुकान: दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, एक आरसा आणि आरशाशेजारी खुंट्यांवर ओळीने काळे गाऊन. पदवीदानाच्या दिवशी मुलं घालतात ते गाऊन बावीस वर्षं मास्तरच शिवत आले आहेत.

यंदा त्यातल्या एका गाऊनला त्यांनी आतून रेशमी अस्तर लावलं. असले लाड ते कुठल्या गाऊनचे करत नसत. पण हा त्यांच्या मुलीच्या मापाचा होता. छकुली शेवटच्या वर्षाला होती. घराण्यात गाऊन शिवणारा झाला, घालणारं अजून कुणी झालं नव्हतं. मास्तरांचा जीव त्या खुंटीला टांगलेला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

छकुली हे घरातलं नाव. बाहेर ती पुढारी होती. एके सकाळी ती दुकानात आली ती जांभळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या कापडाचे तीन गठ्ठे घेऊनच.

"बाबा, एक झेंडा शिवून द्या. पंचवीस फूट रुंद. गच्चीवरून सोडायचाय."

"कुठल्या देशाचा?"

तिने नाव सांगितलं. मास्तरांनी ते तीनदा उच्चारून पाहिलं आणि नाद सोडला. छकुलीने कागदावर चित्र काढून आणलं होतं: जांभळा, पांढरा, पिवळा. जांभळ्याकडे बाण, आणि बाणाशेजारी ठळक अक्षरात "वर".

मग तिने सगळं समजावून सांगितलं. त्या देशावर त्याच्या शेजाऱ्याने हल्ला केलाय. शेजाऱ्याला तोफा विकतं आपलं सरकार. आणि त्या शेजाऱ्याचा मंत्री येत्या सोमवारी कॉलेजच्या सभागृहात भाषण करायला येणार आहे. हे धोरण बदला, तोफा विकू नका, एवढीच मुलांची मागणी होती.

"मग आपण कुणाच्या बाजूने?" मास्तरांनी विचारलं.

"आपण म्हणजे कोण, बाबा? सरकार की आम्ही?"

इथेच मास्तरांचा दोरा पहिल्यांदा तुटला. रेडिओवर तर सांगत होते की दोन्ही बाजूंनी संयम पाळावा अशी आपली भूमिका आहे. एका बाजूला तोफा विकायच्या आणि दोघांनाही संयम पाळायला सांगायचं, हे कुठलं माप, ते त्यांना कळेना. त्यात हे दोन्ही देश पूर्वी म्हणे एकच होते. फाटाफूट झाली तेव्हा रंग दोघांनीही तेच ठेवले, एकाने फक्त वरचा खाली आणि खालचा वर केला.

"म्हणजे भाऊबंदकी," कोपऱ्यात काजं करत बसलेली छकुलीची आई म्हणाली. "दुसऱ्यांच्या भाऊबंदकीत तू कशाला पडतेस? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!"

संध्याकाळी छकुली एका मुलीला घेऊन आली. त्या देशाची, इथे शिकायला आलेली, बोलायला अगदी कमी. तिच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं. मास्तरांनी उभ्या उभ्या टाके घालून दिले. तेवढ्यात तिने मोबाईलवर एका तरुणाचा फोटो दाखवला. भाऊ होता. दीड महिना त्याचा पत्ता नव्हता. मास्तरांनी फोटो पाहिला आणि तिच्या कोटाची सगळी बटणंही पक्की करून दिली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचं बोलावणं आलं. प्राचार्यांचे कोट मास्तरच शिवत, त्यामुळे त्यांचं पोट कुठल्या वर्षी किती सुटलं हेही त्यांना पाठ होतं. प्राचार्यांनी खुर्ची दिली आणि छापील हमीपत्र पुढे सरकवलं. माझी मुलगी निदर्शनात भाग घेणार नाही, घेतल्यास तिचं नाव पटावरून कमी करण्यास माझी हरकत नाही.

"मास्तर, मी काय शत्रू आहे का तुमचा? वरून आलंय हे. मी तरी काय करणार?"

"उद्या देतो सही करून," मास्तर म्हणाले आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच खिशात झेंड्याचं चित्र होतं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. सही करावी तर पोरीचा विश्वासघात, न करावी तर खुंटीवरचा गाऊन खुंटीवरच राहायचा. झेंडा शिवणार नाही म्हणावं तर त्या मुलीच्या भावाचा चेहरा समोर येई. मास्तरांनी काय केलं? काहीच नाही. सही केली नाही, नाहीही म्हटलं नाही, आणि झेंडा शिवायला घेतला. बिचाऱ्यांना वाटलं, हात चालू ठेवले की डोकं आपोआप ताळ्यावर येईल. तीन पट्टे जोडले, कडा दुमडल्या, शेवटी नेफा घातला. पायजम्याला नाडीसाठी असतो तसाच झेंड्यालाही दोरी ओवायला नेफा लागतो. नेफा ज्या कडेला, ती बाजू वर.

सोमवारी झेंडा गच्चीवरून सुटला. खाली दोनशे मुलं घोषणा देत होती. मंत्र्याची गाडी आली. मंत्री उतरला, त्याने वर पाहिलं, थबकला, आणि छातीवर हात ठेवून चक्क झेंड्याला मान दिली. मग मुलांकडे बघून हसत हसत हात हलवला. मुलांना वाटलं, किती निर्लज्ज माणूस! त्यांनी आणखी जोरात घोषणा दिल्या. तोही आणखी जोरात हात हलवत राहिला.

झेंड्याखाली ती परदेशी मुलगी रडत उभी होती. भरून आलं असेल म्हणून कुणी तिला पाणी दिलं, कुणी फोटो काढला. शेवटी तिने छकुलीची बाही ओढली आणि हळू आवाजात सांगितलं, "हा आमचा नाही. हा त्यांचा आहे."

पिवळा वर होता.

दुपारी छकुली दुकानात आली. ती ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "बाबा, चूक झाली की केलीत?"

"झाली गं," मास्तर म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

ती गेल्यावर त्यांनी खिशातलं चित्र काढलं. बाणाजवळ त्यांच्या निळ्या खडूची बारीक टिकली होती. माप डोळ्यांनी दोनदा तपासल्याशिवाय ते कधी टिकली मारत नसत. म्हणजे "वर" त्यांनी वाचलं होतं. मग नेफा पिवळ्या कडेला गेला कसा? पिवळी कड दुमडताना गरम इस्त्रीचा वास आला होता, ते आठवत होतं. वाकलं की खिशात हमीपत्र कुरकुरत होतं, तेही आठवत होतं. त्या वेळी मनात काय होतं ते मात्र काही केल्या आठवेना. मास्तर घाबरले. दुसऱ्याने फसवलं तर त्याला चार शिव्या देता येतात. आपल्याच हाताने आपल्याला न विचारता काही केलं असेल तर शिव्या कुणाला देणार?

बुधवारी प्राचार्य स्वतः दुकानात आले. कोटाची बाही आखूड करायची होती म्हणे. बाही बरोबर होती.

"मास्तर, देवासारखे धावून आलात! नियम आहे पाहुण्यांच्या विरोधातल्या झेंड्याबद्दल. हा तर पाहुण्यांचाच झेंडा! वरचे खूष आहेत. उद्या चौकशी समितीपुढे एवढंच सांगा की ऑर्डरच तशी होती. मुलांनी स्वागत केलं, विषय संपला. तुमची मुलगी धरून झेंडा लावणाऱ्या पाचही जणांची नावं पटावर राहतील. गाऊन तयार ठेवा."

रात्री जेवताना मास्तरांनी हे घरात सांगितलं. छकुलीची आई म्हणाली, "हो म्हणून टाका. सुंठीवाचून खोकला गेला."

छकुली म्हणाली, "आम्ही पाचही जणांनी लिहून दिलंय. झेंडा आम्ही लावला, तिच्या देशासाठी लावला. शिवण्यात उलटा झाला. पण ते तुमचंच ऐकणार, बाबा. तुम्हाला काय सांगायचं ते सांगा." आणि ती ताटावरून उठली.

गुरुवारी समितीच्या तीन खुर्च्यांपुढे मास्तर उभे राहिले. बाहेर बाकावर छकुलीसकट ती पाच मुलं आणि त्यांच्याबरोबर ती परदेशी मुलगी बसली होती. कोटाची सगळी बटणं लावून.

"ऑर्डर तशीच होती ना, मास्तर?" प्राचार्यांनी विचारलं, आणि उत्तरादाखल स्वतःच मान हलवली.

मास्तरांनी चित्र काढून टेबलावर ठेवलं. "ऑर्डर बरोबर होती, साहेब. पोरीने बाण काढून दिला होता."

"म्हणजे तुमच्या हातून चूक झाली?"

"ते मला नाही सांगता यायचं."

"अहो, म्हणजे काय? झाली का केली?"

"तेच तर चार दिवस शोधतोय," मास्तर म्हणाले. "पण पोरीची चूक नाही. तेवढं नक्की."

पाचही जणांची नावं एका वर्षासाठी पटावरून कमी झाली.

दुसऱ्या दिवशी छकुली आणि ती मुलगी झेंडा घेऊन दुकानात आल्या. मास्तरांनी नेफा उसवायला घेतला. पंचवीस फूट नेफा उसवायला वेळ लागतो. छकुलीने न सांगता दुसरं टोक धरलं आणि ब्लेडने टाके तोडू लागली. मध्यावर दोघांचे हात भेटले. मग त्या मुलीने जांभळ्या कडेवर बोट ठेवलं, मास्तरांनी तिथे खडूने रेघ मारली आणि मशीन चालू केलं.

झेंडा घडी घालताना छकुलीचं लक्ष खुंट्यांकडे गेलं. पदवीदानासाठी सगळे गाऊन गेले होते, एकच उरला होता. तिने तो उतरवला, आपल्या अंगाला लावून पाहिला. आतलं रेशीम हाताला लागलं तशी थांबली. गाऊनला कधी अस्तर नसतं, हे दुकानात वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको होतं.

"बाबा, हे माझ्यासाठी केलंत?"

मास्तरांनी मशीनवरून मान वर केली नाही.

"झालं गं," ते म्हणाले. "हातून झालं."