मान हलवणाऱ्या द्वारकाबाई

द्वारका नाबर यांना ऐकू कमी येत होतं, आणि नवरा रविकांत सोडला तर सबंध कुवेतमध्ये ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवाही त्याच वाटेवर. तरी सालमियातल्या एका भारतीय शाळेत बाई सहा वर्षं पाचवीला गणित शिकवत होत्या. कशा? ओठ बघून, पुढच्या तीन बाकांनाच प्रश्न विचारून, आणि काहीच कळलं नाही तर हसून मान हलवून. मान हलवली की समोरचा खूश होतो आणि पुन्हा विचारत नाही, ही विद्या त्यांना चांगलीच साधली होती.

डॉक्टरकडे जायचीही त्यांना धास्ती. इथल्या दवाखान्यांत निम्म्या नर्सा आपल्याकडच्या, एकीला कळलं की चार दिवसांत सगळ्या सालमियाला कळणार. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, शाळेच्या नावावर होता. रविकांतची मंगफची कंपनी गेल्या वर्षी, त्र्याऐंशीत, बसली होती आणि तो मिळेल ते काम करत होता. बाईंची नोकरी गेली असती तर दोघांना गाशा गुंडाळून मालवण गाठावं लागलं असतं.

त्यात शहरबानूबाईंनी नवी पद्धत काढली. शहरबानूबाई म्हणजे शाळेच्या सुपरवायझर, मुंबईत वाढलेल्या, कडक आणि न्यायी. गणिताच्या शिक्षिकांनी मिळून एक पाठ तयार करायचा, एकीनं तो शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलं काय करतात ते लिहायचं. मग एकत्र बसून पाठ सुधारायचा आणि दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायचा. नियम एकच: वहीत फक्त मुलांबद्दल लिहायचं, शिकवणारीबद्दल अक्षर नाही. बाकीच्यांना हा नियम फार आवडला. द्वारकाबाईंना मात्र तो परवडणारा नव्हता, कारण मुलांकडे नीट पाहिलं तर त्यांचं सोंग आपोआप उघडं पडणार होतं. दोनदा त्यांनी डोकेदुखीवर वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा डोकं दुखेना.

पाठ होता अपूर्णांकांचा. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मुलं चुकून चतुर्थांश म्हणतील, कारण चार मोठे. तेच उत्तर हवं होतं. ते आलं की बाईंनी हो-नाही काही म्हणायचं नाही, सारख्या आकाराचे दोन खुबूस घेऊन एकाचे तीन, एकाचे चार तुकडे करायचे आणि मुलांनाच बघू द्यायचं. रोजच्या जेवणातली रोटी वापरायची ही कल्पना रत्नागिरीच्या कुबराची. कुबरा शिक्षिकांमध्ये वयानं लहान, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि द्वारकाबाई तिलाच सगळ्यांत जास्त भीत.

बुधवारी पाठ घ्यायला द्वारकाबाई अ तुकडीत शिरल्या. तेवढ्यात उकडतं म्हणून मागे बसलेल्या कुणीतरी एसी लावला. एरवी आवाज होतो म्हणून बाई तो बंदच ठेवत. आज बोलायची सोय नव्हती.

प्रश्न विचारल्यावर शेवटच्या बाकावरून लता उठली. पुढच्या मुलाच्या डोक्याआड तिचे ओठ दिसेनात. बाईंनी हसून मान हलवली आणि म्हणाल्या, "गुड."

क्षणभर वर्ग चुळबुळला. कुबराचं पेन भराभरा चाललं. आपलं काय चुकलं ते बाईंना कळेना, आणि न कळण्याचीच भीती सर्वांत वाईट. पुढचा पाऊण तास त्यांनी उसन्या अवसानावर काढला.

सुट्टीनंतर सगळ्या टीचर्स रूममध्ये जमल्या. कुबरानं मान वर न करता वही वाचली. लतानं एक चतुर्थांश मोठा म्हटलं, कारण चार तीनपेक्षा मोठे. तिला 'गुड' मिळालं. शेजारच्या जमिलानं वहीत एक तृतीयांश लिहिलं होतं, खाली गोल काढून तुकडेही पाडले होते. 'गुड' ऐकल्यावर तिनं चित्रासकट सगळं खोडलं. नंतर खुबूस फाडला तेव्हा तिनं वर पाहिलंच नाही.

शहरबानूबाई समजुतीनं म्हणाल्या, होतं असं, जीभ घसरते, सगळ्यांचीच घसरते.

सुटका झाली होती. मान हलवायची, बस्स. पण द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढून जमिलाचं रबर हलेना. सहा वर्षांत अशा किती पोरांनी बरोबर उत्तरं खोडली असतील? त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि भीती तर पहिल्यापेक्षा दुप्पट.

"जीभ नाही घसरली," त्या म्हणाल्या. "लता काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही. मला ऐकू येत नाही. सहा वर्षं मी लपवतेय."

कुबरानं वही मिटली. शहरबानूबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच काहीतरी बोलल्या. सगळ्याजणी द्वारकाबाईंकडे बघू लागल्या.

त्यांनी मान हलवली नाही. "ऐकू आलं नाही, बाई. परत सांगा."

शहरबानूबाई वळल्या, त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "शनिवारी ब तुकडीला उत्तर द्यायला मुलांना फळ्यापाशी बोलावलं, तर ऐकू येईल?"

द्वारकाबाईंनी शेवटचा शब्दही त्यांच्या ओठांवरून टिपला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "करून बघावं लागेल."