हाकेच्या नावाचा रकाना

मनवेलपाड्यात राऊत सरांचा संगणकवर्ग होता. नव्वदच्या दशकात मी तिथे नाव घालायला गेले, तेव्हा सरांनी आधी माझा रक्तगट विचारला. संगणक शिकायला रक्त आटवावं लागतं हे ऐकून होते, पण इतक्या लगेच? सर तेव्हा वसईतल्या आपल्या वाडीपासून नायगावपर्यंत हिंडून रक्तदात्यांचा डेटाबेस तयार करत होते. त्यात नाव, गाव, फोन यांखेरीज एक रकाना होता : हाकेचं नाव.

"दुसऱ्याने भरलेल्या डेटाबेसमध्ये पाहुण्यासारखं जायचं," सर शिकवायचे. "त्यांची भांडी आपण हलवायची नाहीत." चाळीतल्या आमच्या एका खोलीत अभ्यास होत नाही हे कळल्यावर त्यांनी वर्गाची किल्लीच माझ्या हातात ठेवली होती.

पुढे मी मोबाइलसाठी प्रोग्राम लिहू लागले आणि सरांची यादी फोनवर आणायचं ठरवलं. पडदा काडेपेटीएवढा. हाकेचं नाव मला अडगळ वाटलं. मी तो रकाना काढला आणि सुटसुटीत केलेली फाइल सरांच्या मूळ फाइलवर, राखीव प्रतीवरही चढवली. सरांना विचारलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

काही दिवसांनी नालासोपाऱ्यात एका बाळंतिणीला दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. माझ्या प्रोग्रामने दात्याचं नाव दाखवलं, पण त्याचा फोन बंद. बाईंचे नातेवाईक त्याच्या गावात गेले, तर दारोदारी एकच उत्तर : "या नावाचं कोनी नाय इथं." कागदावरचं नाव गावाला ठाऊकच नव्हतं. सगळी दुपार त्यात गेली. शेवटी मी सरांना विचारलं.

"अगं, हा तर आपला चिकू बाळ्या," म्हणत सरांनी स्कूटर काढली आणि स्वतः त्याला घेऊन आले. बाई वाचल्या.

तेव्हापासून, गुडघे दुखत असूनही, सर तो रकाना भरायला दर रविवारी पुन्हा घरोघर जातात, मी वही घेऊन मागे. काही दाते वारले, काही घर विकून गेले. त्यांना काय हाक मारायचे, हे आता सरांनाही आठवत नाही. ती नावं माझ्यामुळे गेली.

परवा यादीत माझीच नोंद उघडली. हाकेच्या नावापुढे सरांनी भरलं होतं : 'उतावळी'. मी ते पुसलं नाही.

सरांनी साठी ओलांडली आहे. त्यांना धड गुडघे लाभोत, आणि सावकाश त्यांनी शंभरी गाठावी. या एका बाबतीत उतावळीला अजिबात घाई नाही.