उजव्या सोंडेची बरणी

कुंताबाईच्या हाताला देव चिकटतो, असं सिहोऱ्यातल्या बाया म्हणायच्या. आधी कौतुकानं म्हणायच्या, पुढं तेच वाक्य तोंड वाकडं करून म्हणू लागल्या.

ती श्यामरावांची धाकटी बहीण. नवरा ऐन उमेदीत गेला आणि सासरच्यांनी लुगड्यांचं गाठोडं हातात देऊन तिला वाटेला लावलं, तेव्हापासून ती भावाच्या घरात होती. वहिनी रंभाबाई पहिल्या बाळंतपणातच खंगून खाटेला लागली, म्हणून तान्ही ललिता कुंताबाईच्या मांडीवर आली. रंभाबाई पुढं बरी झाली, पण लेक काही तिच्याकडं वळली नाही. ठेच लागली तरी पोरगी "आत्या" म्हणून रडायची. हे रंभाबाई विसरली नाही, आणि मनात ठेवलेली गोष्ट आंबवून वापरायची कला तिला चांगली साधली होती.

भिंतीवर नवं कॅलेंडर चढलं की गावातली जुनी कॅलेंडरं कुंताबाईकडं यायची. त्यातला देव ती कडेकडेनं कापून घेई. काचेच्या बरणीला सुताराकडचं वार्निश लावी, ते बोटाला जरा चिकटण्याइतकं आटलं की चित्र पालथं घालून दाबून बसवी. सावलीत खडखडीत वाळलं की ओल्या बोटांनी मागचा कागद चोळायचा. कागदाचा लगदा निघून जाई आणि रंग तेवढे काचेवर राहत. जोर अंमळ जास्त झाला तर देवाचं नाकच बोटाला येई. कुणी स्टुडिओतला फोटो आणला तर ती परत करी. छापलेल्याचीच शाई सुटते, फोटोची नाही, हे तिला ठाऊक होतं. लग्नाच्या रुखवतात तिची बरणी नसली तर पाहणाऱ्या बाया नाक मुरडत.

पालथं बसवलेलं चित्र उलटं उमटतं. पहिल्याच बरणीवर 'शुभ लाभ' उलटं आलं, तेव्हा शाळेचे मास्तर पोट धरधरून हसले होते. कुंताबाईला अक्षरओळख नव्हती. तेव्हापासून ती अक्षरं आधीच कापून टाकू लागली. अक्षर उलटतं एवढं तिला कळलं. देवही उलटतो, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्याच कशाला, गावात कुणाच्याच आलं नाही. डाव्या हातानं आशीर्वाद देणारी लक्ष्मी कितीतरी घरांत लोणच्यावर बसून होती आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात ललिताचं लग्न लाखांदूरला झालं. कुंताबाईनं तिच्यासाठी मोठी बरणी केली. तिच्यावर शेंदरी गणपती, मुकुटातला एकेक खडा शाबूत. ललिताच्या सासूनं, पुष्पाबाईनं, ती ओसरीतल्या फळीवर दर्शनी ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ललिताचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्या मुलखाची. श्यामराव एसटीनं लेकीला आणायला गेले. पण धानाच्या शेतांत, बांध्यांमध्ये, रोवणी चालली होती आणि बाया मिळत नव्हत्या. पुष्पाबाई म्हणाली, रोवणी उरकू द्या, मग न्या. श्यामरावांनी पाहिलं, लेक एवढं पोट घेऊन गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावत होती. व्याह्यांपुढं तोंड उघडायची त्यांची छाती झाली नाही. चहा पिऊन ते परत आले. आठवड्याच्या आत ललिताला मेलेलं मूल झालं.

आता लाखांदुरातल्या बाया विचारू लागल्या, पोरीला माहेरी का नाही धाडली? पुष्पाबाईला उत्तर हवं होतं आणि उत्तर फळीवर बसलेलं होतं. गणपतीची सोंड उजवीकडं होती. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं पाळावं लागतं, चुकलं तर तो झाडतो, हे लहान पोरालाही माहीत. असला देव आंब्याच्या लोणच्यावर बसवून कुणी दिला? एका विधवेनं. मग काय, सगळ्यांना सगळं लख्ख कळलं. पुष्पाबाईनं बरणी दगडावर आपटून फोडली. चिखल धुऊन निघाला, रोवणी कुणाच्या तोंडी राहिली नाही.

ही बातमी एसटीनं सिहोऱ्याला यायला कितीसा वेळ लागणार? ज्या बायांनी हौसेनं बरण्या नेल्या होत्या त्या आता एकेक बरणी श्यामरावांच्या अंगणात आणून ठेवू लागल्या. टाकून मात्र कुणी दिली नाही. काच चांगली होती. तुझे देव तूच काढ आणि बरणी परत दे, म्हणाल्या. रंभाबाईनं नणंदेच्या हातात ब्लेडचं पान दिलं आणि उंबऱ्यात बसून पाहत राहिली. कुंताबाई देव खरवडत होती. लक्ष्मीचे डोळे निघता निघत नव्हते. वार्निश पक्कं लागलं होतं, ही तिचीच करणी. बरण्या लख्ख झाल्या आणि आपापल्या घरी लोणचं भरायला गेल्या.

ललिताला पुन्हा दिवस गेले. या खेपेला पुष्पाबाईनं तिला सातव्या महिन्यातच माहेरी पाठवली, पण अट घालून. त्या बाईची सावली पोरीवर पडता कामा नये. अट सांगायचं काम रंभाबाईनं करावं, तर तिनं ते लेकीवर टाकलं. एवढी वर्षं रंभाबाई याच घडीची वाट पाहत होती.

कुंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली तशी ललितानं पदर पोटावर ओढला.

"आत्या, माह्या पुढं नोको येऊ. तू शेतावर जाऊन राह्य."

"तू म्हनतं का हे, का तुही सासू म्हनते?"

"मीच म्हनून राहिली," ललिता म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

शेतातल्या लहान तळ्याला, बोडीला, लागून राखणीची झोपडी होती. कुंताबाई तिथं राहू लागली. घरून जेवण येई, ते बोडीच्या बांधावर, पाळीवर, ठेवून आणणारा पाठ फिरवी. ती अडाणी होती, पण तिच्या भोवती कसला फास पडला आहे हे तिला उमगलं होतं. हेही मूल गेलं तर गणपतीची बरणी वर्षामागंच फुटली आणि ती स्वतः घराबाहेर, तेव्हा लोकांना दुसरं कारण शोधावं लागेल, कदाचित तिला घरातही घेतील. मूल जगलं तर दोष तिचाच होता, हे कायमचं ठरेल. माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. एका क्षणी तिच्या मनात नको ते आलं. तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. गणपतीचं नाव घ्यायची आता भीती वाटे, म्हणून कुणाचंच नाव न घेता ती म्हणत राहिली, जगू दे, लेकरू जगू दे.

धान लोंबीवर आलं तेव्हा श्यामराव एका दुपारी पाळीवरून आले. हातावर गूळ-खोबरं होतं. ते त्यांनी दगडावर ठेवलं.

"पोरगा झाला. धडधाकट आहे."

कुंताबाईला आनंदानं हुंदका फुटला. पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "कोनासारखा दिसते, भाऊ?"

"ते तुले कायले पाह्यजे? पुष्पाबाई म्हनते, बाई घराबाहेर गेली न् लेकरू वाचलं. आता तू इकडेच राह्य."

कुंताबाईनं दगडावरचं गूळ-खोबरं पदरात बांधलं. मग हळू म्हणाली, "मंग खरंच होतं, भाऊ. ते पह्यलं लेकरू मीच मारलं."

श्यामरावांना तो चिखल दिसला, वाकलेली लेक दिसली, आपण प्यालेला चहा आठवला. एक शब्द त्यांच्या जिभेवर होता. तो उच्चारला असता तर बहीण त्याच घडीला सुटली असती.

"भात सांजेले पाठवतो," ते म्हणाले, आणि पाळीवरून घराकडं चालू लागले.