बैल जुंपलेल्या लॉऱ्या

सरकारी नोकरीत पगार साठत नाही, किस्से साठतात! मी तर एका लहान नगरपालिकेत कारकून होतो. धुळ्याहून दोंडाईच्याकडे जाताना हे गाव लागायचं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला घरी जेवायला बोलावतात.

दिवस लढाईचे. पेट्रोल रेशनवर, रॉकेल रेशनवर. तशात नगरपालिकेच्या मोठ्या मंडळींच्या मनात आलं, की कापसाच्या जिनिंगसमोर लॉऱ्यांचा तळ करायचा. आमचे ओव्हरसियर गद्रे म्हणाले, "रस्ता तुंबेल!" मंडळी म्हणाली, "सिद्ध करा."

गद्र्यांना आम्ही मानाने रावसाहेब म्हणायचो, पण बिचारे होते टेंपररी. नाशिकचे इंजिनिअर साहेब तपासणीला येणार होते. रावसाहेबांचं म्हणणं त्यांना पटलं तर नोकरी कायम, नाही तर बिऱ्हाड पुन्हा बैलगाडीत. माणूस सरळ होता हो. आम्हा सगळ्यांना त्यांची काळजी वाटायची.

*

पहिलं काम, रस्त्यावरची रहदारी मोजणं. ऐन कापसाच्या हंगामात रावसाहेब नाक्यावर टेबल टाकून बसले. मी शेजारी, शिपाई दगाभाऊ मागे छत्री धरून.

दुपार झाली तरी एक गाडी येईना! आलं ते एक गाढव, तेही मोकळं.

दगाभाऊ चौकशी करून आला. टेबल आणि रावसाहेबांची साहेबी टोपी बघून लोकांना वाटलं होतं, नवा कर बसतोय, नाही तर साहेबाच्या दौऱ्यासाठी गाड्या वेठीला धरताहेत. सगळा कापूस नाल्यातून गावात शिरत होता.

रावसाहेब म्हणाले, "मग नाल्यात टेबल टाकू."

"टाका," दगाभाऊ म्हणाला, "मंग गाड्या रस्त्यानी येतीन!"

*

शेवटी दवंडी पिटवली. कर नाही, वेठ नाही, नुसती मोजणी आहे.

नुसती मोजणी कोण करतं? गावाने आपलं डोकं लढवलं. ज्याची गाडी लिहिली जाईल त्याला रॉकेल मिळणार, अशी आवई उठली. दुसऱ्या दिवशी नाक्यावर गाड्यांची रीघ! रावसाहेबांचा चेहरा फुलला. संध्याकाळच्या सुमारास मात्र ते एका मोडक्या शिंगाच्या बैलाकडे टक लावून बघायला लागले.

"दगाभाऊ, हा बैल मी सकाळपासून बघतोय."

"त्याले आपलं गाव आवडनं, रावसायेब!"

*

मग रावसाहेबांनी ठरवलं, की खरी लॉरी नाक्यापासून जिनिंगपर्यंत किती वेळ घेते ते बघायचं. उस्मानभाईंची लॉरी नरडाणा स्टेशनला कापसाच्या गाठी टाकायची. पेट्रोल नसल्यामुळे ती कोळशाच्या गॅसवर चालायची, म्हणजे मनात आलं तर चालायची. पाठीला भली मोठी शेगडी.

चढावर ती बसली. आम्ही सगळे उतरून ढकलायला लागलो. रावसाहेबांनी कोट काढून खांदा लावला. कोळशाच्या धुराने तोंड काळंठिक्कर, पण कर्तव्य सुटेना. ओरडून विचारलं, "उस्मानभाई, आत्ता स्पीड किती?"

उस्मानभाई खिडकीतून म्हणाले, "जितना आप ढकलो, रावसाहेब!"

*

हे रहदारीचं खूळ रावसाहेबांच्या अंगात इतकं भिनलं, की माझ्या बहिणीच्या लग्नातही सुटलं नाही. वाढप्यांची टक्कर होते म्हणून त्यांनी पंगतीत एकेरी वाहतूक सुरू केली. वाढप्याने पुढेच जायचं, मागे वळायचं नाही. कुणाचं काही राहिलं तर पुढच्या फेरीची वाट बघायची.

आमचे आबा भात कालवायचा म्हणून ताटाला हात लावून थांबलेले. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली, "रावसाहेब, आमचं वरण धुळ्याला गेलं का?"

*

आणि मग तपासणीचा दिवस!

तळ झाल्यावर काय होईल ते साहेबांना प्रत्यक्ष दाखवायचं असं ठरलं. पण तळ भरायला लॉऱ्या आणायच्या कुठून? रावसाहेबांनी बैलगाड्या बोलावल्या. जिनिंगसमोर त्या जुंपलेल्याच उभ्या केल्या आणि गाडीवानांना बजावलं, "आज तुम्ही गाडीवान नाही. लॉऱ्या आहात! माझी शिट्टी वाजल्याशिवाय कुणीही हलायचं नाही. मग सांगणारा कोणी का असेना."

आता खानदेशात इतक्या गाड्या एका जागी थांबल्या तर लोक काय समजणार? जत्रा! तासाभरात भरीत-भाकरीवाली आली, बांगड्यांची दुकानं मांडली गेली, पाळणासुद्धा उभा राहिला. साहेबांची मोटर त्यात अशी रुतली की मागे नाही, पुढे नाही.

साहेब खाली उतरले, घामाघूम होत गर्दीतून वाट काढू लागले. सगळ्यात पुढच्या गाडीवर नाना पाटील बसले होते, पिकल्या मिशांचे.

"अहो, गाडी बाजूला घ्या!"

नाना हलले नाहीत.

"ऐकू येत नाही? कोण आहात तुम्ही?"

नाना ताठ बसून म्हणाले, "मी लॉरी शे, सायेब. शिट्टी वाजनी का हालसू!"

रावसाहेब धावत पुढे आले. साहेबांनी नानांकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, मग आपल्या रुतलेल्या मोटरकडे.

"गद्रे, रस्ता तुंबतो."

"होय, साहेब."

"तळ गावाबाहेर करा. आणि तो कुणातरी कायमच्या माणसाने बांधायला हवा. उद्यापासून तुम्ही कायम. आता कृपा करून ती शिट्टी वाजवा!"

रावसाहेबांनी शिट्टी ओठांत धरली. फुंकली. वाजेचना. डोळे भरून आले होते, ओठ थरथरत होते. पुन्हा फुंकली, नुसती हवा.

नाना गाडीवरून हळूच म्हणाले, "दम धरीसन वाजाडा, रावसायेब. लॉऱ्या उभ्याच शेतस!"