निवडलेले छर्रे

पंचवटीतल्या ज्या घरात सकाळपासून यजमानांची वर्दळ, तर्पणाचे तीळ आणि दर्भाच्या जुड्या, त्या घरातल्या वेणीमाधवला बंदुकीचं वेड कुठून लागलं हे कोणालाच कळलं नाही. वडील आणि थोरला भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी चालवत. हा मात्र विमा कचेरीत कारकुनी करी आणि रविवार उजाडला की रायफल क्लब गाठी. "बाबा रे, पितरांना पोचवायचं काम आपलं. नवे पितर तयार करायचं नव्हे," असं वडील म्हणत. खरं तर वेणीमाधवने उभ्या आयुष्यात साध्या चिमणीवरही नेम धरला नव्हता. त्याचं वैर काय ते कागदावरच्या काळ्या ठिपक्याशी.

इंदिरा लग्न होऊन या घरात आली ती एकाहत्तर साली, घोटीहून. तिचे वडील तिथल्या भाताच्या गिरणीत हिशेबनीस होते. तिचं बालपण कोंड्याच्या धुरळ्यात गेलं आणि तांदूळ तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळू लागला. कोळपीच्या तांदळात दुसरा दाणा मिसळलेला असला तर तो तिच्या चिमटीत आपोआप यायचा. बंदुकीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण दुसऱ्यांचे नवरे जेवताना साहेबाच्या तक्रारी सांगतात, तसा हिचा नवरा काडतुसांच्या गोष्टी सांगायचा, आणि ती ऐकायची. ऐकता ऐकता तिला बरंच कळायला लागलं.

क्लबात तेव्हा बावीसच्या, म्हणजे पॉइंट बावीस बोअरच्या, रायफली होत्या. त्या काडतुसाच्या बुडाच्या कडेत ठिणगीचा मसाला असतो आणि बंदुकीचा घोडा त्या कडेवरच आपटतो. कड कुठे जाड, कुठे पातळ असली की गोळी जरा इकडे, जरा तिकडे. त्यामुळे ज्याचा नेम चुकला तो काडतुसांच्या खोक्याला शिव्या घालायचा. वेणीमाधव घरी येऊन त्यांच्या नकला करी आणि हसून म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" हवेच्या बंदुकीबद्दल तर तो बोलतच नसे. ती जत्रेत फुगे फोडायला, एवढंच त्याचं मत.

पुढे काडतुसं मोजकीच मिळू लागली. मग क्लबाच्या एका सभासदाने विलायतेतल्या नातेवाइकाकडून एक हवेची बंदूक आणवली. ही दर वेळी नळी वाकवून स्प्रिंग ताणायच्या जातीची नव्हती. नळीखालच्या टाकीत आधीच हवा ठासून भरायची, की मग एकामागून एक छर्रे मारत राहायचं. ना धूर, ना खांद्याला धक्का. आवाज म्हणाल तर दाराआड कोणी शिंकल्यासारखा. टाकीत हवा भरायचं काम निवृत्तीने अंगावर घेतलं. निवृत्ती सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता, स्वतः चांगला नेमबाज होता आणि वेणीमाधवचा, त्याच्या भाषेत पंतांचा, जिवाभावाचा मित्र होता.

वेणीमाधवने नाक मुरडतच ती बंदूक उचलली आणि दोन रविवारांत तिच्या प्रेमात पडला. घरी छऱ्यांचा डबा आला. शिशाचे ते मऊ दाणे, मागच्या बाजूला पातळ झालर असलेले. प्रवासात काहींच्या झालरी चेपलेल्या असत, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. भिंग डोळ्याला लावून तो एकेक छर्रा तपासत बसलेला पाहून इंदिराला हसू आवरेना.

"अहो, घड्याळ दुरुस्त करताय का? द्या इकडे!"

तिने डबा पितळी ताटात ओतला, हाताने पसरला आणि तांदूळ निवडायला बसावं तशी बसली. चांगले अलीकडे, चेपलेले पलीकडे. त्याने तिने काढलेला ढीग भिंगाखाली धरून पाहिला. एकही वावगा नव्हता. भिंग खाली ठेवून तो म्हणाला, "इंदू, तुझा बाप गिरणीत वाया गेला. त्याने तोफखाना काढायला हवा होता."

त्या दिवसापासून छर्रे निवडणं तिच्याकडे आलं. नवरा जिंकून आला की ती वरकरणी म्हणायची, "मला काय त्याचं!" पण आत कुठेतरी तिला फार गोड वाटायचं. त्या कागदावर ठिपक्याच्या मधोमध जे भोक पडलं, त्यात आपलीही बोटं आहेत, असं तिला वाटायचं. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या मध्ये हे ताट होतं, आणि ते पुरत होतं.

नव्या सभासदांना शिकवताना वेणीमाधव एक गोष्ट घोकून घ्यायचा. बावीसची गोळी नळीतून चटकन निघून जाते. छर्रा त्या मानाने रेंगाळतो. तेवढ्यात हात हलला तर बावीस एकवेळ माफ करील, छर्रा चुगली करणारच. म्हणून चाप ओढल्यावरही बंदूक तशीच धरून ठेवायची. हे त्याने घरी इतक्यांदा म्हणून दाखवलं होतं की इंदिराला ते आरतीसारखं पाठ झालं होतं.

आणि पाठ होतं म्हणूनच तिला आधी कळलं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर कागदावरची भोकं फाकायला लागली. पूर्वी सगळे छर्रे मिळून एकच भोक पडायचं, आता ती निरनिराळी दिसू लागली. वेणीमाधव वैतागून कागद तिच्यापुढे टाकी. "यंदाचा डबाच टाकाऊ दिसतो. की निवडण्यात काही राहिलं?"

तिने कागद पाहिला. निवडण्यात काही राहिलं नव्हतं. पण त्याआधी आठवडाभर तिने एक आवाज ऐकला होता. चहाचा कप बशीवर ठेवताना त्याचा उजवा हात थरथरे आणि कप वाजे. त्याला स्वतःला ते जाणवत नव्हतं, किंवा जाणवून घ्यायचं नव्हतं. अशाच थरथरीने सासऱ्यांच्या हातून शेवटी पळीतलं पाणीसुद्धा सांडायचं, ते तिने पाहिलं होतं.

"माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "डोळे कमी झालेत हल्ली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासीण आपण होऊन चढली होती. दुसऱ्या दिवशी तिने कपबशा कागदात गुंडाळून माळ्यावर टाकल्या, फुटल्या म्हणून सांगितलं आणि स्टीलच्या पेल्यातून चहा द्यायला लागली. पेला वाजत नाही. या माणसाला बंदूक सोडावी लागली तर त्याचं काय उरेल, या एका भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता. बोलणी खाणं त्यापुढे सोपं होतं.

क्लबात मात्र वाद पेटला. वेणीमाधव म्हणू लागला की हवेच्या बंदुकीवर भरवसा नाही, बावीसच खरी. शेवटी निवृत्तीने तोडगा काढला. दोन्ही बंदुका वाळूच्या पिशव्यांवर ठेवायच्या, अंतर एकच, मारणारा एकच. म्हणजे माणसाचा हात बाजूला राहील आणि जे दिसेल ते बंदुकीचं दिसेल.

"तूही चल रविवारी," वेणीमाधव इंदिराला म्हणाला. "बघ तरी तुझे छर्रे कसे उधळतात ते."

छर्रे उधळणार नव्हते, हे इंदिराला पक्कं ठाऊक होतं. ती निर्दोष ठरणार होती, आणि तेच तिला नको होतं. रविवारी सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा तिने टाकलेल्या चेपक्या छऱ्यांची डबी काढली आणि मूठभर चांगल्या डब्यात मिसळून दिले. इतक्या वर्षांत तिने तांदळात खडा राहू दिला नव्हता. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने घातला.

रेंजवर निवृत्तीने आधी बावीस मारली. कागदावर रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी भोकं पडली. माणसं "वा!" म्हणाली. मग हवेची बंदूक पिशव्यांवर चढली. पहिला छर्रा बराच डावीकडे गेला, दुसरा वर.

"बघा!" वेणीमाधव म्हणाला. "आणा बरं तो डबा."

त्याने छर्रे डब्याच्या झाकणात ओतले आणि वाकून पाहिलं. चेपलेल्या झालरी भिंगाशिवायही दिसत होत्या. मग मान वर करून त्याने इंदिराकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती जमिनीकडे पाहत होती.

"पंत, काय झालं?" निवृत्तीने विचारलं.

"काही नाही. थांब जरा. निवडून देतो."

आणि तो तिथेच, सगळ्यांसमोर निवडायला बसला. चेपलेले पलीकडे, चांगले अलीकडे. त्याची बोटं थरथरत होती आणि पत्र्याच्या झाकणात छर्रे वाजत होते. पत्र्याचा तो आवाज सगळ्या रेंजवर ऐकू येत होता. कोणी हसलं नाही. इंदिराला पुढे होऊन तो हात धरावासा वाटला.

निवृत्तीने निवडलेले छर्रे मारले. कागद आणला तेव्हा त्यावर एकच भोक होतं, छऱ्याहून जरासं मोठं. बावीसची भोकं त्यापुढे पसारा वाटली.

"एवढ्या अंतरावर तर हवेची लय पुढं हाय," निवृत्ती हळूच म्हणाला.

"बंदूक बरोबर, छर्रे बरोबर," वेणीमाधव म्हणाला. "मग राहिलो मी. अंगण वाकडं नव्हतं रे, निवृत्ती."

निवृत्तीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पंत, पिशवीवरून मारा की! कुणी नाय म्हटलंय?"

नवराबायको घरी आली. आल्यावर तो ओटीवर बसला आणि तिने चुलीवर... सवयीने चूल म्हणायचं, गॅस होता आता... चहा ठेवला. पेला पुढे केला तेव्हा त्याने घेतला नाही.

"किती दिवस माहीत होतं?"

"पावसाळा संपल्यापासून."

"आणि बोलणी खात राहिलीस."

"मला नाही लागली," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "तुमचं ते एकच तर होतं हो."

"एकच नव्हतं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "इंदू, कपबशा खरंच फुटल्या होत्या का?"

तिने मान हलवली. "माळ्यावर आहेत."

"काढ."

तिने स्टूल घेऊन गाठोडं उतरवलं, कागद सोडले, कपबशा विसळल्या आणि पेल्यातला चहा कपात ओतला. वेणीमाधवने दोन घोट घेतले आणि कप बशीवर ठेवला.

"वाजतंय ना?" त्याने विचारलं.

"वाजतंय," इंदिरा म्हणाली, आणि आपला कप घेऊन त्याच्या शेजारी बसली.