अप्पांचा गुडघा दुखत नाही

आमच्या लातूरच्या कट्ट्यावर सगळे रिटायर्ड फौजी. मी युनिटमध्ये क्लार्क होतो, म्हणून सगळ्यांचे डिसअ‍ॅबिलिटी क्लेम माझ्या गळ्यात. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. सांधे झिजत जातात आणि किस्से वाढत जातात!

*

कंधारचे नाईक बाबाराव. खांदा धरलेला, हात वर जाईना. मेडिकल बोर्डात कर्नल डॉक्टर दिसले आणि यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. डॉक्टर म्हणाले, "हात वर जात नाही ना तुमचा?"

"न्हाई जात सर. पण सॅल्यूट तर करावाच लागंल का न्हाई?"

*

त्यांच्यावर कडी म्हणजे उदगीरचे सुभेदार शिवलिंगअप्पा. बर्फातल्या पोस्टवर दोन्ही गुडघे गेले. बोर्डात डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" अप्पा सावधान होऊन म्हणाले, "एकदम फिट, सर." क्लेम नामंजूर. मी चिडलो, तर मलाच म्हणाले, "वर्दीपुढं कण्हायचं असतंय व्हय?"

*

नातीच्या बारशाला अप्पा पंगतीत मांडी घालून बसले. जेवणं झाली, लोक उठले. अप्पांना उठता येईना, पण सांगतील तर शपथ. "वाढा अजून जिलेबी," म्हणाले. दुसरी पंगतही त्यांनी बसूनच काढली. पाहुणे अजून सांगतात, अप्पांना जिलेबी लई आवडते.

*

मग अपील केलं. ही शेवटची संधी होती. पेन्शन वाढली असतीच, पण गुडघे नोकरीतच गेले हे सरकारनं मानावं, एवढी अप्पांची मनापासून इच्छा. मी डॉक्टर होऊन कट्ट्यावर तालीम घेतली. अप्पांनी सगळं नीट सांगितलं. मी खूश झालो तर म्हणाले, "तुमच्यापुढं काय, तुम्ही क्लार्क!"

*

अपिलाच्या दिवशी अप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी बोर्डाच्या दाराबाहेर बाकावर. आतून ऐकू आलं, "घुटने में दर्द?" आणि लगेच अप्पांचा आवाज, "नहीं सर." मी कपाळावर हात मारला.

डॉक्टर बहुतेक एक्स-रे बघत असावेत. जरा वेळानं कडक आवाजात म्हणाले, "सुभेदार साहब, ये हुकूम है. कहाँ कहाँ दर्द है, रिपोर्ट दो."

बूट आपटल्याचा आवाज आला. "दाहिना घुटना, सर. बायाँ घुटना, सर. रात को दोनों, सर. नींद नहीं आती, सर."

डॉक्टर शेजारच्याला म्हणाले, "लिखो, मंजूर."

मी आनंदानं वहिनींकडे वळलो. त्या पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

"भावजी, दुखतंय का म्हणून एवढी वर्सं मी इचारत आले. हुकूम सोडावा लागतो, हे कुणी सांगितलंच न्हाई मला."